मीटरच्या पेटीतला गूळ

आण्णा, तो गूळ मी ठेवला होता.

एवढं एकच वाक्य होतं. तुमच्या तेराव्याला अंगणात सगळी माणसं पानावर बसलेली असताना ते बोलायचं होतं, आणि मी हातात आमटीचा डाव धरून उभी राहिले. आमटी गार झाली, माणसं हात धुऊन उठली, वाक्य तोंडातच राहिलं. आता तुमचा फोटो ओसरीच्या भिंतीला लागलाय आणि मी त्याच्यासमोर बसून लिहितेय. चौथीनंतर मी असं पानभर काही लिहिलेलं नाही. पण तुमच्याशी तोंडानं बोलायची मला सवय नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून ती लगेच होणारही नाही.

आपल्या घरात सासरा आणि सून बोलत नव्हती असं कुणी म्हणू नये. बोलत होतो, फक्त एकमेकांशी नाही. सासूबाई, माझ्या आत्याबाई, होत्या तोवर तुम्ही त्यांना सांगायचात, "सुनबाईला सांग, च्यात साखर घालू नगं म्हणावं." मी तिथंच हातभर अंतरावर भाकरी थापत असायचे. मी म्हणायचे, "आत्याबाई, घातलीच न्हाय म्हणावं." आत्याबाई कुणालाच काही सांगायच्या नाहीत. दोघांचं दोघांनी ऐकलेलं असायचं. त्या गेल्या तेव्हा शुभी बोलायला लागली होती, मग निरोप तिच्याकडे आले. तुमच्या नातीनं ते काम मोठ्या ऐटीत केलं. पुढं ती अकलूजला शिकायला गेली, हे सकाळी टॉवेलच्या कारखान्यात जायचे, आणि दिवसभर घरात आपण दोघंच उरलो. मधे बोलायला कुणीच नाही. तेव्हा तुम्ही तुळशीशी बोलायला लागलात. कूलरशी, दारातल्या मांजराशी. आणि सगळ्यात जास्त मीटरशी.

ओसरीच्या भिंतीला ती लोखंडी पेटी. तिला कडी. आत वर सील लावलेलं मीटर, खाली पांढऱ्या चिनीमातीचे फ्यूज, बाजूला मेन स्विच. तुम्ही लाईनमनच्या नोकरीतून निवृत्त झालात, पण ती पेटी काही तुम्हांला निवृत्त करायला तयार नव्हती. महिन्यातून एकदा तिला उघडून बघायचात, आणि दसरा झाला की नीट साफ करायचात. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी तर आख्ख्या गल्लीच्या पेट्या. खांद्याला ती खाकी पिशवी, तिच्यात टेस्टर, पक्कड, एक कोरडा रंगाचा ब्रश आणि धुऊन वाळवलेलं फडकं.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड पदर सावरून उभी असायचे. तुम्ही पेटीला सांगायचात, "आदी मेन खाली. मग टेस्टर. मग नाक." आणि खरंच नाक आत घालून हुंगायचात, जसं बाई पिठाच्या डब्यात हुंगते. "जळकं न्हाय." मग एकेक स्क्रू आवळायचात. "ढिल्ला स्क्रू गरम हुतो, गरम झाला की काळा पडतो, काळा पडला की बोंब." ब्रशनं कोपऱ्यातली जाळी काढायचात. पेटी बंद करायची, मेन वर, थोडं थांबायचं, आणि झाकणाला उलटा हात लावायचा. मग तुम्ही म्हणायचात, "थंड हाय."

हे शेवटचं जरा मोठ्यानं म्हणायचात. पेटीला ते सांगायची गरज नव्हती. ते मला होतं. मी त्यावर साधं "बरं" सुद्धा कधी म्हटलं नाही, आण्णा. दारातून मागं सरकायचे आणि भांड्यांचा आवाज करायचे. तेवढंच माझं उत्तर.

उलटा हात का, ते एकदा तुम्ही मांजराला समजावून सांगितलंत. "तळहात लावला आन् करंट आसला तर मूठ आवळती, सुटत न्हाय. उलटा हात झटक्यात मागं येतो." मांजर डोळे मिटून ऐकत होतं. त्याच्या काय लक्षात राहिलं माहीत नाही. मी मात्र अजून इस्त्रीला हात लावताना तो उलटा करते.

आणि तो उन्हाळा तुम्हांला आठवतो का? मी कूलरमध्ये पाणी ओतत होते आणि हाताला झिणझिण्या आल्या. मी ओरडले नाही, मला ओरडायचीही लाज. फक्त तांब्या हातातून पडला. तुम्ही खाटेवरून बघितलंत. उठून कूलरची पिन काढलीत. दुसऱ्या दिवशी भर उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून परसात खड्डा खणायला लागलात. मी ताकाचा पेला उंबऱ्यावर ठेवला आणि आत पळाले. तुम्ही खड्ड्यात कोळसा घातलात, मीठ घातलंत, तांब्याची पट्टी पुरलीत, वायर आणून पेटीला जोडलीत. मग तुळशीला म्हणालात, "तुला एक तांब्या, आन् त्या खड्ड्याला एक बादली. उन्हाळाभर. माती वाळली की आर्थिंग मेलं."

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणारं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं माझ्या जिवावर यायचं. मी अर्धीच ओतायचे. तुम्हांला कळायचं. तुमच्या आंघोळीच्या पाण्यातलं तुम्ही मागं ठेवायचात आणि मी बघत नाही असं बघून ते खड्ड्यात घालायचात. त्यानंतर मला या घरात कधी झिणझिणी आली नाही.

आता गुळाचं सांगते.

माहेरी, जेऊरकडं आमच्या वस्तीवर लाईट आली तेव्हा मी लहान होते. बल्ब लागला तेव्हा आईनं त्याला हात जोडले, मग मीटरला कुंकू लावलं आणि वर गुळाचा खडा ठेवला. म्हणाली, उजेड घरात आला, त्याचं तोंड गोड नको का करायला. तेव्हापासून खंडेनवमीला आमच्याकडं विळा, कोयता, शिलाईमशीन आणि मीटर. मी इथं आले तर ह्यांच्याकडं मागाची पूजा, मोटारसायकलची पूजा, आणि मीटरला काहीच नाही. लाईनमनच्या घरात! मला ते कसंसंच वाटलं. पहिल्या वर्षापासून मी पेटीला पाच बोटं कुंकवाची ओढली, झेंडूचं फूल खोचलं, वर वाटीत गुळाचा खडा ठेवला. तुम्ही बघितलंत. आत्याबाईंना म्हणालात, "मीटरला गोड आवडत न्हाय म्हणावं." आत्याबाई हसल्या. मीही पदराआड हसले. मला वाटलं तुम्ही गंमत करताय.

संध्याकाळी बघितलं तर गूळ पेटीवर नाही. खाली कट्ट्यावर रिकामी वाटी.

दर वर्षी हेच. सकाळी मी गूळ वर ठेवायचा, संध्याकाळी कट्ट्यावर रिकामी वाटी. फूलसुद्धा खाली. मी मनात म्हणायचे, आण्णांना देवधर्म नाही. नंतर तुम्हांला साखरेचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी गोड बंद केलं, आणि माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं. आण्णा तो गूळ खातायत. देवाचा गूळ, आणि तोही साखर असताना! तुम्हांला विचारायचं तर कुणाच्या तोंडानं विचारणार? मी रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे तसेच उठले, ओसरीवर आले आणि तुम्हांला लहान पोराला बोलावं तसं बोलले. "आण्णा, डॉक्टरनं काय सांगितलंय? गूळ कशाला खाता? ध्यान नको व्हय ठेवाय?"

मी आत ताट धरून ऐकत होते. तुम्ही "मी खात न्हाय" म्हणाला असता तर एका शब्दात मिटलं असतं. "गूळ तुझी बायको ठेवती, मी खाली उतरवतो, तितनं कावळा नेतो" एवढं म्हणाला असता तरी. पण सुनेचं नाव घेऊन तक्रार करायची तुमची रीत नव्हती. तुम्ही मांजराकडं बघितलंत आणि म्हणालात, "बरं."

त्या "बरं"वरून मी पक्कं धरलं की गूळ तुम्हीच खाता.

म्हणून या खंडेनवमीला मी पेटी उघडली. तुम्ही खाटेवरच होता, पायाची जखम भरत नव्हती, उठवत नव्हतं. तरीही मी भ्यायले, की कधी भिंत धरून उठाल आणि खाल. मी गूळ वर ठेवला नाही. झाकणाच्या आत ठेवला, फ्यूजच्या वरच्या फळीवर, फुलाच्या मागं. कडी लावली. मनात म्हटलं, आता बघू कसा खाताय. आण्णा, मी स्वतःवर खूश झाले होते. तुमची काळजी घेतली म्हणून.

आणि दसरा झाल्यावर तुम्ही पेटी उघडायचात ती या वर्षी उघडली नाहीत. तुम्हांला उठताच येत नव्हतं. वर फिरणाऱ्या पंख्याला तुम्ही म्हणालात, "मीटर बगायचं ऱ्हायलंय." मी ऐकलं. वाटलं, ह्यांना सांगू. मग वाटलं, एक महिना राहिलं तर काय होतंय.

शेवटच्या दिवसांत तुमचं बोलणं तुटक झालं होतं. पण एक गोष्ट तुम्ही परत परत म्हणत होता. पंख्याला, तुळशीला, कुणाला ते कळत नव्हतं. "मुंग्या. मुंग्या वर चालल्यात." मला वाटलं तापात काहीबाही दिसतंय. मग मी भिंतीकडं बघितलं तर खरंच मुंग्यांची रांग. तुम्हांला भेटायला माणसं येत होती. होटगीहून तुमचे धाकटे भाऊ, तात्या आले होते, शेजारची पद्माक्का रोज डोकावत होती. मला इतकी लाज वाटली, की सासरा खाटेवर आणि सुनेच्या भिंतीला मुंग्या, लोक काय म्हणतील. मी रॉकेलचं फडकं घेऊन भिंत पुसून काढली. रांग कुठं चाललीय ते बघितलं नाही. तुम्ही फडक्याकडं बघत होता, मग माझ्याकडं बघितलंत. सरळ माझ्याकडं. तुम्ही कधी असं बघायचा नाहीत, म्हणून मी मान खाली घातली.

तेव्हा तुम्ही मला सांगत होता, आण्णा. मधे कुणीच नव्हतं. तुळस नाही, मांजर नाही. आणि मी मान खाली घातली.

तेराव्याला पहिली पंगत बसली होती. आत मिक्सरवर चटणी फिरत होती, अंगणात दोन पंखे लावले होते. ओसरीत फाडकन आवाज झाला, पेटीतून धूर आला आणि सगळं बंद. मग तात्या म्हणाले, "आरं तिच्या! लाईनमनच्या तेराव्यालाच लाईट गेली!"

पंगतीत हसू फुटलं. दुःखाच्या घरात हसू पटकन फुटतं, माणसं तेवढीच वाट बघत असतात.

तुमच्या हाताखाली शिकलेले इस्माईलभाई पानावरून उठले. "कोई हात नक्को लगाव. आण्णाके घर का मीटर मैंच देखता." त्यांनी आधी खांबावरून लाईट बंद करून घेतली, मग पेटी उघडली. पकडीत धरून एक काळी कोळसा झालेली पाल बाहेर काढली. मग ब्रशनं मुंग्या झाडल्या, मूठ मूठ मुंग्या. मुंग्यांसाठी पाल आत शिरली होती. मग फळीवरून वितळून खाली फ्यूजवर ओघळलेलं काहीतरी खरवडलं आणि बोटावर धरून बघत बसले. "ये तो गूड है."

तात्या हात खरकटा धरूनच उठून आले. "दावा बगू. व्हय की! गूळच हाय!" आणि मांडीवर थाप मारली. "आरं, शुगरवाला म्हातारा! पोरगं खाऊ दीना म्हणून मीटरात लपिवला! तितं कोण हात घालतंय? डोकं बगा म्हाताऱ्याचं!"

आख्खं अंगण हसलं. कुणी म्हणालं, लाईनमनची तिजोरी. पद्माक्कासुद्धा तोंडाला पदर लावून हसली. आणि हे, तुमचा मुलगा, खाली बघत म्हणाले, "गुळावरनं मी वरडलो हुतो एकदा. तरी बी ऐकलं न्हाय आण्णांनी."

इस्माईलभाई एकटे हसले नाहीत. म्हणाले, "आण्णा ऐसा नै करते. मीटरमें फूल बी नै ठेवने देते थे." पण ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले आणि कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. ऐकणं एवढंच मला येतं. आणि तेव्हा कट्ट्यावरची ती वाटी आठवली, गूळ तुम्ही खात नव्हता, नुसता खाली उतरवत होता.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. माझ्या हातात डाव होता. पुढं तुमचे भाऊ, तुमचे नोकरीतले दोस्त, गल्लीतले पुरुष. मी आयुष्यात एवढ्या पुरुषांपुढं तोंड उघडलेलं नाही. मला वाटलं, एवढ्यात हसणं थांबेल, मग सांगीन. हसणं थांबलं आणि दुसरी पंगत बसली.

तुम्हांला वाटेल, एक गंमतच झाली, होऊ दे. पण ती गंमत राहिली नाही. तुम्हांला मामा म्हणणाऱ्या बायका नळावर विचारायला लागल्या, "शालूवैनी, मामांनी आमच्या मीटरात बी गूळ ठिवलाय का हो?" पोरं कुठलीही पेटी दिसली की "आजोबांची तिजोरी" म्हणून ओरडायला लागली. मग त्यातनं खरंच कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी आण्णांचं ध्यान राहिलं नव्हतं, आपल्या पेट्यांना काय काय करून ठेवलंय कुणास ठाऊक. या वर्षी पेट्या बघायला इस्माईलभाई नको, तो त्यांचाच चेला. तुम्ही उभ्या जन्मात या गल्लीत एक पाल जळू दिली नाहीत, आणि तुमच्या मागं एका पालीवर तुमचं नाव बसलं.

तुमच्या फोटोखाली ह्यांनी तुमची खाकी पिशवी टांगली होती. एक दिवस ती दिसली नाही. माळ्यावर टाकली होती. मी विचारलं तर म्हणाले, "लोक हसतेत." तुमच्या मुलाला तुमची लाज वाटायला लागली, आण्णा. ती लाज माझी होती, त्यांच्या अंगावर गेली होती.

आणि मग शुभीचा फोन आला. होटगीची कुणी मैत्रीण, तिच्याकडून तिला कळलं. "आई, आजोबा खरंच मीटरमध्ये गूळ लपवायचे?" ती हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. "बिचारे गं. आपण द्यायला पाहिजे होता थोडा." मी म्हणाले, "हं."

हं! तेराव्याला निदान गप्प होते. इथं मी हो म्हणाले. तुमच्या नातीला.

त्या "हं"नंतर मला भाकरी गोड लागली नाही. तव्यावर भाकरी टाकली की तुमचं "बरं" ऐकू यायचं. तुम्ही माझ्यासाठी एक शब्द गिळलात आणि लेकाची बोलणी खाल्लीत. मला एक वाक्य बाहेर काढता येत नव्हतं.

गड्ड्याची जत्रा जवळ आली. इस्माईलभाई दारात येऊन उभे राहिले. रिकाम्या हातानं. "वैनी, आण्णा की थैली द्या. उसमेंच टेस्टर चांगला है. गल्लीचा राऊंड करून टाकतो." मग म्हणाले, "लोकां नक्को बोले तो वापस आता."

मी स्टूल घेऊन माळ्यावरून पिशवी काढली. धूळ झटकली. त्यांनी हात पुढं केला, आणि मी पिशवी दिली नाही. का ते मला आजही सांगता येणार नाही. मी ती माझ्या खांद्याला लावली, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "चला." इस्माईलभाईंनी माझ्याकडं बघितलं. तुमच्याच तालमीतले, त्यांनी काही विचारलं नाही.

पहिलं दार पद्माक्काचं. ती म्हणाली, "काय शालूवैनी? थैली घिऊन?" इस्माईलभाईंनी मेन खाली केला, टेस्टर लावला. मी पेटीकडं बघितलं, कारण माणसाकडं बघून मला बोलताच आलं नसतं. पेटीलाच सांगितलं. "त्या दिवशीचा गूळ मी ठेवला होता. खंडेनवमीचा निवद. आण्णांनी न्हाय. त्यांना ठाऊक बी नव्हतं. गूळ ठेवला की मुंग्या येतात, मुंग्यांमागं पाल येती. ठेवू नका."

बोलले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. पद्माक्कानं पेटीच्या वर हात फिरवला आणि म्हणाली, "मी बी ठिवते की. पेढा ठिवते. पण संध्याकाळी तो खालीच असतोय, पायरीवर. मला वाटायचं मांजर पाडतंय." ती माझ्याकडं बघत राहिली. "पेटीवरचं कुंकू बी दसऱ्यानंतर पुसलेलं असायचं. मला वाटायचं पोरं पुसतात. मामा करायचे व्हय गं?"

तिथनं पुढच्या दारी पद्माक्का आमच्या मागं आली. तिथं म्हातारीनं पेटीत खारीक ठेवली होती, मुंग्यांसकट. त्याच्या पुढच्या घरात झेंडूचं वाळकं फूल तारेत अडकलेलं. दर दारी कुणीतरी काहीतरी ठेवत होतं, आण्णा. आम्ही बायका एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं. आणि प्रत्येकीचं तुम्ही खाली उतरवून ठेवत होता, फेकत नव्हता, पायरीवर, कट्ट्यावर, कावळ्याला दिसेल असं. कुणाच्या सुनेला तुम्ही बोलला नाहीत. या वर्षी तेवढं ते राहिलं.

माझं वाक्य प्रत्येक दारी मीच बोलले. दुसऱ्या दारी बायकांपुढं, तिसऱ्या दारी त्यांच्या सासऱ्यांपुढं, पुढं पुढं तर मला मोजायचं भान राहिलं नाही. एका घरी तो तिजोरी म्हणणारा माणूसच होता. मी म्हणाले तसा तो म्हणाला, "तेवढ्यासाठी घरोघर कशाला हिंडायचं, वैनी?" मी म्हणाले, "तुम्ही बी घरोघर सांगितलंसाच की." आणि मग इतकी घाबरले की पक्कड हातातून पडली. इस्माईलभाई खाली वाकून हसत होते.

आपलं घर शेवटचं. ह्यांना सुट्टी होती, ओसरीत बसले होते. माझ्या खांद्याला पिशवी आणि मागं गल्लीतल्या बायका बघून उठून उभे राहिले. मी हेही पेटीलाच सांगितलं. गूळ कट्ट्यावर कोण ठेवायचं, कुणी कधी काय खाल्लं नाही, कुणाला कोण उगीच बोललं. सगळं. ते ऐकत ऐकत खाली बसले. बायका गेल्यावर म्हणाले, "म्हणजे मी आण्णांना... आन् ते 'बरं' म्हणाले." मी म्हणाले, "व्हय." मग त्यांनीच उठून पिशवी माझ्या खांद्यावरून काढली आणि तुमच्या फोटोखाली टांगली.

शुभीला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू 'हं' म्हणालीस ना गं मला." मी म्हणाले, व्हय. तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी केला, पण आवाज अजून नीट झालेला नाही. घेऊ दे तिला तिचा वेळ. तात्यांना सांगायचं राहिलंय. संक्रांतीला येणार आहेत. त्यांच्यापुढं मला भीती वाटते, पण आता ती भीती माझ्या ओळखीची झाली आहे.

लाज गेली असं म्हणणार नाही. तुम्ही माझ्याकडं सरळ बघितलंत आणि मी मान खाली घातली, ते कुठल्या दारी सांगून फिटणार? ते तुमच्यापाशीच सांगायचं होतं, म्हणून हे लिहिलं.

आज सकाळी परसातल्या खड्ड्यात बादली ओतली. भरलेली. मग पेटी उघडली. आधी मेन खाली, मग टेस्टर, मग नाक. जळकं नाही. ब्रश फिरवला, कडी लावली, मेन वर केला. थोडी थांबले. मांजर उंबऱ्यावर येऊन बसलं होतं, त्याला काही सांगितलं नाही. झाकणाला उलटा हात लावला आणि तुमच्या फोटोकडं बघून, तुमच्याशीच, मोठ्यानं म्हणाले.

आण्णा, थंड हाय.